स्क्रीनवरची पिवळी चिठ्ठी

गुलमंडीत कापडाच्या दुकानावर अक्षदाचं डिटेक्टिव्ह ऑफिस होतं. सोमवारी सकाळी प्राध्यापक रामकिसन गव्हाणे तिथं आले, तेव्हा तिचा सहायक बिभीषण चहात पाव बुडवत होता.

"चार वाजता चौकशी समिती बसतेय," सर म्हणाले. "तीस वर्षं सायबर सुरक्षा शिकवली. निवृत्ती दोन महिन्यांवर, आणि माझ्यावरच पेपर फोडल्याचा आळ!"

रविवारी सर लॅबमध्ये जादा तास घेत होते. त्यांच्याच शिस्तीनं सगळ्यांचे फोन, सरांचासुद्धा, दाराबाहेरच्या उघड्या पेटीत होते. तेवढ्यात सरांच्या केबिनमधल्या कम्प्युटरवर कुणीतरी 'पासवर्ड विसरलात?' दाबलं, सरांच्या फोनवर आलेला कोड टाकला आणि पेपर उचलला. समिती म्हणत होती, कोड सरांनीच दिला.

"फोन लॉक असला तरी कोड दिसतो?" अक्षदानं विचारलं.

सर ओशाळले. "दिसतो. लोकांना बंद करायला सांगतो, माझंच राहून गेलं."

"दिव्याखाली अंधार!" बिभीषण बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

दुपारी तिघं चिकलठाण्याला कॉलेजात पोचले. केबिनमधल्या स्क्रीनच्या कडेला पिवळी चिठ्ठी होती. तिच्यावर चक्क पासवर्ड!

"आमिष आहे," सर म्हणाले. "हा टाकला की मला सूचना येते. माझ्या प्रत्येक वर्गाला पहिल्याच दिवशी सांगतो, बाहेर बोलायचं नाही या अटीवर."

"रविवारी सूचना आली?"

"नाही."

विद्यार्थी सगळे लॅबमध्ये होते. इमारतीत बाकी तिघंच. अक्षदानं तिघांना एकच विचारलं, चोर आत शिरला कसा?

"पासवर्ड उघडा चिकटवलाय, आणखी काय हवं?" दोन वर्षांपूर्वी लातूरहून आलेले प्राध्यापक अभय फणकारले. "समितीलाही मी हेच लिहून दिलंय."

"म्या किती येळा म्हनलं, सर, काढा ती चिठ्ठी," झाडलोट करणाऱ्या केसरबाई म्हणाल्या. "ऐकत्यात व्हय?"

तिसरा होता लॅब सहायक शिवराज. शेंद्र्याचा, सरांचाच जुना विद्यार्थी. नोकरीही सरांनीच लावलेली. "काय की, मॅडम. सरांचा पासवर्ड कुणाला घावायचा नाय."

"ताई, अभयच!" बिभीषण कुजबुजला. "सरांची खुर्ची पायजे त्याला."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," म्हणत अक्षदानं सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"चोर या खुर्चीत बसला. नाकासमोर पासवर्ड. कुणीही आधी तोच टाकून बघेल. यानं टाकला नाही, नाहीतर सूचना आली असती. उलट पेटीपर्यंत हेलपाटा घालून कोड वाचला. म्हणजे चिठ्ठी खोटी आहे, हे त्याला ठाऊक होतं. केसरबाई आणि अभय सर आजही ती खरी मानतात. सरांच्या वर्गात बसलेला एकटा तू, आणि तू मात्र तिचं नावही काढलं नाहीस, शिवराज."

शिवराजनं सरांचे पाय धरले. "माझ्या सोनियाची हा पेपर सुटायची शेवटची संधी होती, सर. बायकोसाठी केलं. तिनं पेपर मैत्रिणीला दाखवला आन्‌ बोंबाबोंब झाली. तुमच्यावर येईल असं वाटलं नव्हतं. माझी नोकरी..."

बिभीषणला वाटलं, सर आता कानाखाली देणार. सरांचे डोळे भरून आले होते.

"माझ्याकडं यायचंस की रे. रोज घरी बसवून शिकवलं असतं तिला," सर म्हणाले.

चार वाजायला दहा मिनिटं होती. सरांनी समितीला द्यायच्या जबाबाचा कागद पुढं ओढला आणि पेपर फोडणारा म्हणून शिवराजचं पूर्ण नाव स्वतःच्या हातानं लिहिलं.