तीन वाटा, एक दार

टेबलावरचा, मुख्यालयाशी जोडणी चालू असल्याचा हिरवा दिवा दर चार सेकंदांनी लुकलुकायचा. जुईलीने मनात आकडे मोजले. चाळीस झाले, तरी दिवा लागला नाही.

"आई, मुख्यालय गप्प झालंय!"

जुईलीची आई, मेघना तांडेल, किनारा बचाव चौकीची प्रमुख होती. चक्रीवादळ तीन तासांवर आलं होतं आणि बंदरवाडीतली सहाशे माणसं अजून घरातच होती. वाडी रिकामी करण्याचा आदेश मात्र फक्त जिल्ह्याचं मुख्यालयच देऊ शके.

"केबल, मनोरा, उपग्रह. तीन जोडण्या आहेत," आई पुटपुटली. "तिन्ही एकदम कशा बंद पडतील?"

जुईलीने भिंतीवरच्या आराखड्यावरून बोट फिरवलं. तीन रेघा तीन दिशांनी निघत होत्या आणि शेवटी मुख्यालयाच्या एकाच खोलीत शिरत होत्या.

"आजोबा, हे बघा! या खोलीत पाणी शिरलं की संपलंच!"

आजोबांनी नौदलात संदेशयंत्रणा सांभाळली होती. त्यांनी कपाळावर हात मारला. "सामायिक दोषबिंदू (एक जागा बिघडली की सगळंच ठप्प). वाटा तीन आणि दार एक! कुठल्या शहाण्यानं बांधलंय हे?"

"मग आता?"

"समुद्रात आपल्या होड्या निरोप कसा देतात?"

"शेजारच्या होडीला हाळी देतात. ती पुढच्या होडीला देते."

"तेच करायचं. वाडीत घरोघरी दारासमोर ओढून ठेवलेल्या होड्यांवर रेडिओ आहेत. त्यांची जाळीजोडणी करू (प्रत्येक यंत्र शेजारच्याला निरोप देतं, एक बंद पडलं तर निरोप दुसरीकडून जातो)."

चौकीतल्या गस्त्या नावाच्या रोबोने चव्वेचाळीस रेडिओ जोडले. "वाडीपर्यंतचा मार्ग तयार. आदेश कोणाचा?"

आई म्हणाली, "मंजुरीशिवाय दिला तर नोकरी जाईल, बाबा. थोडं थांबू."

"वर्षभर थांबलीच आहेस, पोरी. चौकीलाही आदेशाचा अधिकार द्या, असं मुख्यालयाला पत्र लिहिलंस आणि खणात ठेवलंस. आमच्या प्रत्येक कप्तानाला काय साधायचंय ते आधीच सांगितलेलं असे. मुख्य जहाज गप्प झालं, तर तो स्वतः ठरवी."

"आणि वादळानं कुठे मंजुरी घेतलीय?" जुईली फणकारली.

"आदेश कोणाचा?" गस्त्याने पुन्हा विचारलं.

आईने खण उघडला, पत्र टेबलावर ठेवलं आणि माइक ओढून घेतला.

"आदेश माझा. मेघना तांडेल बोलतेय. बंदरवाडी, सगळे टेकडीवरच्या शाळेत चला. आत्ता!"