योसच्या कातड्याचा कागद

जनावराचं चित्र काढण्यात सगळ्यात मोठी अडचण म्हणजे जनावर. ते बसत नाही. मेलेलं बसतं, पण त्याचा डोळा तासाभरात विझतो, आणि अख्ख्या न्यूरेंबर्गात माझं नाव होतं ते डोळ्यासाठी. ओल्या बुबुळात मी समोरची खिडकी रंगवायचो, चौकटीसकट. लोक वाकून वाकून बघत.

त्या हिवाळ्यात केशराचे व्यापारी ट्रुमरशेट म्हणाले, "लिनहार्ट, रानससा हवा. केस न् केस दिसला पाहिजे. आत्ता उडी मारेल असा. जमलं, तर माझ्या घरातली सगळी चित्रं तूच काढायची."

ससा घरातच होता. योस. माझ्या धाकट्या बहिणीनं, ओटिलीनं, तो मुठीएवढा असताना शेतातून उचलून आणला होता आणि बकरीच्या दुधावर वाढवला होता. ती माझं घर बघायची, कागदही तयार करायची. जलरंग पसरू नये म्हणून कागदाला कातड्याचा सरस उकळून द्यावा लागतो. तिच्याइतका पातळ सरस गावात कुणाला जमत नसे.

"देते," ती म्हणाली. "पण दादा, जिवंत परत दे."

"जिवंतच देईन. मी काय खाटीक आहे?"

"खाटीक असतास तर मी दिलाच नसता."

पहिल्या दिवशी योस सतरा वेळा उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं रंगाच्या शिंपल्या लवंडल्या. तिसऱ्या दिवशी ओटिली बाजारात गेली तेव्हा मी चाकू घेतला आणि त्याच्या मागच्या दोन्ही पायांची टाचेवरची शीर कापली. ससा ओरडतो, ठाऊक आहे तुम्हाला? तान्ह्या मुलासारखा. मग तो बसला. अंग आवळून, उडीच्या बेतात, अगदी हवा तसा. मला वाईटबिईट वाटलं नाही. उजेड जायच्या आत डोळा संपवायचा होता.

संध्याकाळी मी योस तिच्या मांडीवर ठेवला.

"जिवंत आहे ना?" मी म्हणालो.

तिनं ते लोंबते पाय हातात धरून पाहिले. रडली नाही. तो नऊ दिवस जगला. दहाव्या दिवशी घरभर सरसाचा वास सुटला.

"कातडं वाया कशाला घालवायचं, दादा?" म्हणत तिनं एक नवा कागद माझ्या फळीवर ठेवला.

ट्रुमरशेट सशावर खूश झाले. आता त्यांना हरीण हवं होतं. मी ओटिलीच्या त्या कागदावर रेघ ओढली. कागदानं ती पिऊन टाकली. पुन्हा ओढली... पुन्हा कोरा. वैतागून मी तो भिंतीला टेकवला आणि दुसरा घेतला.

आठवड्यानं भिंतीला टेकवलेल्या त्या कागदावर दोन पाय उमटले होते. माझे. उजव्या बुटाच्या टाचेवरचं ठिगळसुद्धा होतं. रंग ओला होता.

"ओटिली, हे तू काढलंस?"

"मला कुंचला धरता येतो तरी का?"

ते खरंच होतं. त्याच दुपारी जिना उतरताना माझ्या टाचांत काहीतरी तुटलं. आधी एक, मग दुसरं. वैद्यानं दाबून पाहिलं. जखम नाही, रक्त नाही, आणि दोन्ही शिरा तुटलेल्या.

तेव्हापासून मी खिडकीपाशी खुर्चीत बसलेला आहे. पुढं त्या कागदावर माझा एक डोळा उमटला. मला कधी जमला नाही इतका सुरेख. त्यात खिडकी आहे, चौकटीसकट, आणि खिडकीत दोन लांब कान. मी खिडकीकडे वळून बघतो तेव्हा तिथं काही नसतं. माझा तो डोळा मात्र आता मिटत नाही, झोपेतसुद्धा.

"जाळून टाक तो कागद," मी म्हणालो.

"टाकते की. पण त्यात तू आहेस, दादा..."

मला भीती वाटते ती हातांची. कागदावर तेवढेच उमटायचे राहिले होते. रंगवता येतं तोवर मी कुणीतरी आहे. हात गेले की मी ओटिलीनं भरवायचं एक जनावर. काल तिला मी हे सगळं सांगितलं, गयावया करून. तिनं माझ्या पाठीमागची उशी नीट केली, राय धान्याच्या पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवून माझ्या तोंडाशी धरला.

"जिवंत आहेस ना?" ती हळूच म्हणाली.

आज सकाळी उजवा पंजा उमटला, बोटांसकट. रंग अजून वाळलेला नाही. अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर सांभाळून घ्या. हे मी डाव्या हातानं लिहितो आहे.