पुन्हा पुन्हा उघडणारं पान

उत्तमराव पेढ्यांचा पुडा घेऊनच कॅफेत शिरले.

"प्रज्ञाताई, नितीन जिता हाय. काल एका दिवसात पंधरा येळा पान उघडून गेला."

१९९९ साल. नगरच्या त्या कॅफेत कॉम्प्युटर दोन आणि इंटरनेट बैलगाडीच्या चालीचं. उत्तमरावांचा नितीन पुण्याला नोकरीला म्हणून गेला, तो दोन वर्षं बेपत्ता. कॅफेवाल्या प्रज्ञाने त्याच्यासाठी इंटरनेटवर एक पान बनवलं. मोठा फोटो, 'घरी ये', आणि खाली पान किती वेळा उघडलं ते मोजणारा आकडा. सुप्याच्या कारखान्याला निघायच्या आधी उत्तमराव रोज येऊन तेवढा आकडा बघायचे. कालच्यापेक्षा जेवढा वाढला त्यातून आपला एक वजा करायचे. उरलं काही तर जेवायचे, नाहीतर डबा तसाच परत. गल्लीने तोवर नितीनला दुबईला पोचवून फ्लॅटसुद्धा घेऊन दिला होता.

प्रज्ञाला पेढा गोड लागला नाही. परवाच तिने फोटो बारीक केला होता, पान लवकर उघडावं म्हणून. कुणाला सांगितलंही नव्हतं. पान हलकं झालं आणि लगेच नितीनला घरची एवढी आठवण आली?

तिने पानाला दुसरं मोजणारं जोडलं. हे वेळ सांगायचं, आणि पान कुठल्या फोनलाईनवरून उघडलं तेही. दोन दिवसांत कळलं. वेळ दुपारची. लाईन तिच्याच कॅफेची.

दुपारी ती जेवायला घरी जायची. गल्ल्यावर धाकटा भाऊ पंकज.

"नितीनचं पान कोण उघडतं?"

"मीच."

"कुणासाठी?"

पंकज पंखा पुसायला लागला. दुकान उघडल्यापासून तो पंखा कुणी पुसला नव्हता. "शपथ घातलीय, ताई."

उत्तमरावांच्या सुट्टीच्या दिवशी प्रज्ञा त्यांच्या घरी गेली. नितीनच्या आईने, बनाबाईने, चहा ठेवला. कॅफेत आपण कधी पाय टाकला नाही म्हणाली. मग कप देता देता हळूच, "फोटो का गं बारीक केलास?"

उत्तमरावांनी वर बघितलं. "बारीक? कधी केला?"

प्रज्ञाने कप खाली ठेवला.

"काका, तुम्ही रोज पान बघता, तुम्हाला कळलं नाही. काकूंना कळलं. तुम्ही कामावर गेलात की त्या येतात. आधी फोटो वरून खाली हळूहळू उतरायचा. केस, कपाळ, डोळे. एकदा बघून भागायचं. मी पान पळतं केलं, फोटो पातं लवायच्या आत यायला लागला. मग काकू पंकजला म्हणायच्या, परत आण. म्हणून पंधरा."

"यिताना दिसायचा," बनाबाई म्हणाली. "दारातनं आल्यावानी."

"आन बाहेरनं?" उत्तमरावांनी विचारलं.

"बाहेरून कुणीच नाही, काका."

उत्तमराव बायकोकडे वळले.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी जेवत हुता," बनाबाई म्हणाली.

उत्तमराव भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याच्या कुठल्या भुवईवर खूण हाय गं? मला आठवंना."

बनाबाई उठली आणि नवऱ्याच्या उजव्या भुवईवर तिने बोट ठेवलं.