चेंडू मागे देताना

पाऊस आडवा येऊ लागला तेव्हा महेकने छत्रीचा नाद सोडला, हातातले ओझे रेनकोटखाली पोटाशी धरले आणि लोणावळ्याच्या बाजारगल्लीत जे पहिले दार उघडे दिसले, त्यात ती शिरली.

आत पुस्तके वाळत घातली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि त्यांवर, पंख मिटायला विसरलेल्या पाखरांसारखी, उघडी पुस्तके पालथी टांगलेली होती. शेजारच्या चिक्कीच्या भट्टीची ऊब भिंतीतून झिरपत होती, त्यामुळे कागदाला गुळाचा मंद वास येत होता.

"भोपळा ठेवा तिथे स्टुलावर," पुस्तकांच्या आडून आवाज आला. "टपकतोय."

"भोपळा नाही हा," महेक म्हणाली आणि तिने रेनकोटची चेन उघडली.

दोरी बाजूला सारून एक उंच, चष्मेवाला तरुण पुढे आला. त्या लांबोळ्या चेंडूकडे तो असा पाहत राहिला, की जणू वर्षानुवर्षे केवळ पत्रांतून ओळखीचे असलेले माणूस आज दारात उभे आहे.

"रग्बी!... हात लावू?"

"लावा की. चावत नाही. तुम्ही खेळता?"

"छे. पाहिलीसुद्धा नाही कधी." त्याने चेंडू अलगद, दोन्ही तळव्यांत घेतला. "वाचली आहे फक्त."

त्याचे नाव अयान. ओस पडलेल्या बंगल्यांतली पुस्तके विकत घ्यायची, पावसाळाभर वाळवून जगवायची आणि पुन्हा वाचत्या हातांत द्यायची, हा त्याचा उद्योग. खंडाळ्याच्या एका बंगल्यातून कपाटभर रग्बी आली होती — खेळाचा इतिहास, खेळाडूंची चरित्रे, प्रशिक्षणाचे धडे. गिऱ्हाईक एकही फिरकले नाही. म्हणून ते कपाट त्याने स्वतःच वाचून काढले होते.

महेक मूळची कबड्डीची. कुसगावच्या शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून लागली आणि तिने हट्टाने मुलींच्या हाती हा वाकडा चेंडू दिला. मुख्याध्यापिकाबाईंनी परवानगी दिली, पण एका अटीवर : ऑगस्टअखेर एक सामना जिंकून दाखवायचा, नाही तर ‘हा भोपळा’ कपाटात आणि मुली पुन्हा कबड्डीत.

"मग तुम्हाला हे लागेल," म्हणत अयानने प्रशिक्षणाचे एक पिवळे पडलेले पुस्तक चिक्कीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिले. "ओलं मात्र करायचं नाही हं."

"आणि झालंच तर?"

"तर इथे बसून, वाळेपर्यंत राखण करावी लागेल."

दुसऱ्याच आठवड्यात पुस्तक ओले झाले. पाऊस फार होता, असे महेक म्हणाली. त्या दिवशी दुपारभर ऊन होते, हे अयानला आठवत होते. पण त्याने ते उच्चारले नाही, फक्त दोरीखाली दुसरे स्टूल सरकवले.

मग ती येतच राहिली. एक पुस्तक परत, दुसरे पदरात. तो वाचून दाखवी, ती ऐकता ऐकता काउंटरवर चिक्कीचे तुकडे मांडून मुलींच्या जागा ठरवी. "या खेळातली एक गोष्ट मला विलक्षण वाटते," एकदा तो म्हणाला, "जायचं असतं पुढे, पण हाताने चेंडू द्यायचा तो मागेच."

"माझ्या मुलींना तेच जमत नाही. कबड्डीत कसं — पाय धरला की सुटू देत नाहीत. पण मागे कोणी आहे, यावर विश्वास ठेवायचा म्हणजे..."

"अवघड असतं," तो हळूच म्हणाला.

तिने वर पाहिले. तो घाईघाईने पुस्तकाची धूळ झटकू लागला. त्या पुस्तकावर धूळ नव्हती.

"इतकी जुनी पुस्तकं," तिने विषय बदलला, "नियम नाही बदलत का हो मधल्या काळात?"

"पुस्तकं तर बदलत नाहीत," तो हसून म्हणाला, आणि दोघेही ते विसरून गेले.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी पवनानगरचा संघ जीपमधून कुसगावच्या मैदानात उतरला. बांबूचे गोलखांब उभे राहिले. त्यांचे सुहास सर पंच झाले — नियमांपेक्षा त्यांना शिट्टी अधिक पाठ होती. गुणफलक अयानकडे, कारण अख्ख्या मावळात रग्बी वाचलेला माणूस तोच होता. विजेत्यांसाठी चिक्कीचा डबाही त्यानेच आणला होता.

रिमझिमीत खेळ पेटला. कुसगावच्या हिराने चेंडू छातीशी कवटाळून गोलरेषेपलीकडे झेप घेऊन तो जमिनीला टेकवला — ट्राय! उत्तरार्धात पुन्हा एकदा. दोन्ही वेळा ट्रायनंतरची जादा गुणांची किक मात्र खांबाबाहेर गेली. पवनानगरला ट्राय एकही जमली नाही; पण त्यांच्या एका पोरीच्या पायात जादू होती. तिने तीन-तीन गुणांच्या तीन दंड-किका बांबूंमधून आरपार धाडल्या. महेक बाजूरेषेवर चिखलात धावत ओरडत होती, "मागे बघ हिरा! मागे दे!" — गुण मोजायला तिला उसंत कुठली?

शेवटची शिट्टी झाली. अयानने जड मनाने फळा फिरवला. पवनानगर नऊ, कुसगाव सहा.

पाहुण्या मुलींनी एकच गलका केला, डबा उघडला, चिक्की कडाकडा फुटू लागली. हिरा चिखलातच बसली. "म्याडम, आमी हारलो व्हय?"

मुख्याध्यापिकाबाई छत्री सावरत आल्या. "छान खेळल्या पोरी. पण महेक, आपलं ठरलंय..."

महेकचे डोळे फळ्यावरून हलेनात. "सहा कसे?"

"दोन ट्राय," अयानचा स्वर पडला होता. "दोन त्रिक सहा."

"त्रिक? ट्रायला पाच असतात!"

"तीन. पुस्तकात स्पष्ट..." त्याने पिशवीतून पुस्तक काढले. तिने ते हिसकावले, पहिले पान उलटले, साल पाहिले आणि डोळे मिटले.

"अयान, या पुस्तकाच्या वेळी माझी अम्मीसुद्धा जन्मली नव्हती."

तिने मोबाइलवर आजचे नियम काढून त्याच्या चष्म्यासमोर धरले. अयानने ते वाचले. क्षणभर त्याने त्या चिक्की खाणाऱ्या, नाचणाऱ्या पोरींकडे पाहिले. मग बाकावर चढला.

"ऐका... चूक माझी आहे. मी पन्नास वर्षांपूर्वीचे गुण मोजले. पवनानगर नऊ, कुसगाव — दहा."

सुहास सरांनी मोबाइल दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचायची आशा सोडली आणि मान डोलावली. तेवढ्यात पाहुण्यांच्या घोळक्यातून कुणीतरी ठणकावले, "चिक्की परत देनार न्हाई हां!"

आधी हिरा हसली. मग सगळेच. मुख्याध्यापिकाबाईंनी छत्री मिटून टाकली. "राहू दे तुझा भोपळा, महेक. पण पुढच्या वेळी गुण मोजायला दुसरं कुणी आण."

जीप गेली, मुली पांगल्या. धुक्याने एक खांब गिळला होता, दुसरा अर्धा उरला होता. अयान फळा पुसत होता. तो केव्हाच कोरा झाला होता.

"तुमचा खेळ बंद पडला असता माझ्यामुळे," तो न वळता म्हणाला. "सगळं वाचून मी... मैदानात शून्य. आता दुकानात येणार नाही ना तुम्ही?"

"ते पुस्तक मी मुद्दाम नळाखाली धरलं होतं," महेक म्हणाली. "जुलैत."

पुसणारा हात थांबला. "माहीत आहे. त्या दिवशी ऊन होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर... राखण करायला कोण बसलं असतं?"

पाऊस दोघांमध्ये बारीक, तिरपा पडत राहिला. तिने चेंडू उचलला आणि बांबूंच्या दिशेने चार पावले धावली; मग मान वळवून थांबली.

"ये ना."

त्या एकेरी हाकेने त्याचा चष्मा धुरकटला की पावसाने, कळले नाही. "मला खेळता येत नाही, महेक. पण तुझ्या मागे... जन्मभर धावेन."

"अगदी मागे नको. जरा तिरका राहा."

"किती अंतरावर?"

"हाक ऐकू येईल इतक्या." ती पुन्हा धावू लागली, आणि या वेळी मागे न पाहताच तिने चेंडू सोडला.

त्याने तो झेलला.