सांध्यापाशी तीस सेकंद

जी वस्तू अर्धा मिनिट जागची हलत नाही, तीच फोटोत नीट उमटते, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत आहे, कारण अठरा वर्षं मी हेच काम करते. छोट्या रेल्वेचे देखावे. आमचे हे रूळ बसवतात, वायरी जोडतात. घरं, झाडं, माणसं आणि शेवटी फोटो, हे माझं खातं. माणूस नखाएवढा असतो, पण फोटो बघणाऱ्याला आपण फलाटावरच उभे आहोत असं वाटलं पाहिजे. त्यासाठी भिंगाचं छिद्र अगदी बारीक ठेवावं लागतं, आणि मग शटर तीस सेकंद उघडं. तेवढ्यात कोणी खोलीतून नुसतं चाललं तरी जमीन हादरते आणि सगळं फिसकटतं.

त्या वर्षी माझा मोठा भाऊ आमच्याकडे राहायला आला होता. दादा निवृत्त स्टेशनमास्तर. त्याचं पहिलं स्टेशन कधीच पाडून टाकलेलं, आणि आता डोळेही जात चाललेले. नजर फार तर महिनाभर टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"चिमणे, ते स्टेशन एकदा बघायचंय मला," तो म्हणाला. "चाचपून नाही. डोळ्यांनी."

"बघशील," मी म्हटलं. मी उगाच शब्द देत नाही.

तीन आठवड्यांत स्टेशन उभं राहिलं. दादा सांगायचा, मी करायचे. पत्र्याची उतरती शेड, तिकिटाची खिडकी, आणि लांबच्या टोकाला सांधा, जिथे एक रूळ दुसऱ्याला मिळतो. फलाटावर सात माणसं, त्यात हातात झेंडी घेतलेला स्टेशनमास्तर.

"माझं पोट एवढं कधी होतं?" दादाने भिंग लावून विचारलं.

"घासून कमी करू का, मास्तर?" हे म्हणाले. "पण मग तुम्हाला ओळखणार कोण?"

फोटोच्या दिवशी दुपारी मी खिडक्यांना काळे पडदे लावले. देखावा तिन्हीसांजेचा, तेव्हा उजेड फक्त फलाटावरच्या मोहरीएवढ्या दिव्यांचा. आमचे हे बाजारात गेले होते. दादा पलीकडच्या खोलीत पडला होता. मी शटर उघडलं आणि मनात तीस मोजले.

मग फोटो संगणकावर मोठा केला. माणसं आठ होती.

आठवा सांध्यापाशी, पाठमोरा. मी टेबलाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. गोंदाचा थेंब असेल, धूळ असेल, होतं असं. ब्रशने जागा झाडली, भिंग पुसलं, पुन्हा फोटो काढला.

तो तिथेच होता. पाय त्याच जागी. फक्त मान जराशी वळलेली...

घाबरले नाही असं म्हणणार नाही, पण माझे हात स्थिर होते. तिसरा काढला. आता गोंदाच्या वासात ओल्या कोळशाचा वास मिसळला होता. आणि मी मोजत असताना कोणीतरी श्वास घेत होतं. अगदी बारीक, नखाएवढ्या छातीतून यावा तसा.

तिसऱ्या फोटोत तो थेट माझ्याकडे बघत होता. मान फिरवणारा माणूस फोटोत पुसट यायला हवा. हा एकदाही पुसट नव्हता. म्हणजे शटर बंद असेल तेव्हाच तो हलत होता.

मी दादाला बोलावलं. आधी काहीच सांगितलं नाही. नाक टेकेल इतका तो फोटोजवळ वाकला.

"हा तू केलास?"

"नाही."

"माझा सांधेवाला आहे, गाडीचे रूळ बदलणारा," तो हळू म्हणाला. "धुकं होतं त्या दिवशी. मीच त्याला म्हटलं, मी येईपर्यंत इथून हलू नकोस. आत फोन वाजला, आणि... विसरलो गं. डबे मागे आले. तो हललाच नाही. चौकशीत मी सांगितलं, त्याला तिथे कोणी उभं केलं ठाऊक नाही."



"मला त्याच्याजवळ ने, चिमणे. दिसतंय तोवर. माफी मागायचीय."

दुसरी कोणी असती तर पडदे बाजूला सारून बाहेर पळाली असती. मी चिमटा घेतला. स्टेशनमास्तर अलगद उचलला, त्याच्या तळव्यांना लगेच धरणारा गोंद लावला आणि सांध्यापाशी पक्का उभा केला. दादा माझ्या शेजारी उभा राहिला. दोघांनी श्वास रोखले. शटर उघडलं...

चौथ्या फोटोत सांधेवाला स्वच्छ होता, सदऱ्याची एकेक गुंडी मोजावी असा. पुसट आला होता तो स्टेशनमास्तर. खाली वाकत गेल्यासारखा नुसता करडा पट्टा. मी टेबलावरच्या मास्तराला बोट लावून पाहिलं. बाहुली ताठ उभी होती, गोंद घट्ट.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"अजून काहीच नाही," दादा म्हणाला, आणि भिंतीचा आधार घेत आपल्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची नजर पूर्ण गेलेली होती, आणि मी त्याचं पांघरूण बाजूला केलं तेव्हा त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर खडी रुतल्याच्या ताज्या खुणा होत्या, खऱ्या रुळांमध्ये असते तशा मुठीएवढ्या दगडांच्या.