आठ मिनिटांचा डबा

“बिल दाखवलं तर पेटंट ऑफिसातले साहेब म्हणतात, यावर यंत्राचं नाव न्हाई. माणसं उभी केली तर म्हणतात, तोंडी चालत न्हाई. आता काय छाती फाडून दाखवू?”

बेलापूरचा मोटार-मिस्त्री गहिनीनाथ खुर्चीवर बसायलाही तयार नव्हता. श्रीरामपुरात खासगी तपासाचं ऑफिस चालवणाऱ्या जयमालाताई शांत ऐकत होत्या. त्यांचा मदतनीस सहादू मात्र त्याच्याहून जास्त वैतागला होता.

गहिनीनाथनं सात वर्षांपूर्वी एक डबा केला होता. लाईट आली की ठरवून दिलेल्या वेळी तो शेतातली मोटार आपोआप सुरू करी. २०२२ साली एका बड्या कंपनीनं तसल्याच डब्याच्या पेटंटासाठी अर्ज केला, पेटंट मिळवलं आणि जिल्हाभर मिस्त्र्यांना नोटिसा धाडल्या: तुमचे डबे बंद, आमचेच बसवा. पेटंट रद्द करा, असा गहिनीनाथचा अर्ज होता. परवा अकराला मोबाईलवर शेवटची सुनावणी. हरला की दुकानाला कुलूप.

“कंपनीच्या आधी डबे कुणाकुणाला दिले?” ताईंनी विचारलं.

“तिघांनाच. एकाच डीपीवरचे, म्हंजी एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे शेजारी. अमृत, सुमनबाई, रविराज.”

तो गेल्यावर ताईंनी पेटंट वाचलं. “वीज आल्यावर बरोबर आठ मिनिटं थांबणारा डबा. आठच का?”

“बावीस पानं इंग्रजी,” सहादू करवादला, “आणि कारण एका ओळीचं नाही!”

दुसऱ्या दिवशी ती दोघं बेलापूरच्या शिवारात गेली. गहू ओंबीवर आला होता, वाऱ्यासंगं डुलत होता. सहादूच्या चपलेत तेवढा चिखल.

“माझी मोटार लाईट आली की लगेच चालू,” अमृत म्हणाला. “त्या कंपनीचं नाव काढू नका. डोकं उठतं.”

सुमनबाई खुरपं टेकून हसल्या. “माझी चार मिनटांनी. आधी समद्या मोटारी एकदम उठायच्या, डीपीचा फ्यूज उडायचा, आन आमी एकमेकांच्या झिंज्या धरायचो! शेवटी पंचायतीत लिहून सह्या केल्या, तवा गप झालो.”

रविराजच्या मोटारीवर कंपनीचा कोरा डबा होता.

“जुना कवाच जळाला. भंगारात घातला,” तो म्हणाला. “किती मिनटांचा हुता, कुनाला आठवतंय?”

“तिघंही साळसूद बोलतात,” सहादू परतताना म्हणाला. “यातल्या कुणी डबा कंपनीला दिला, हे ओळखायचं कसं?”

“पंचायतीत चला.”

तिथं ग्रामसेवक जेवायला गेलेला. सहादू दोन तास बाकावर धुमसत बसला.

सुनावणीला तिन्ही शेजारी गहिनीनाथच्या दुकानात होते. मोबाईलच्या पडद्यावर अधिकारी मॅडम आणि कंपनीचे वकील.

“हा शोध आमच्या प्रयोगशाळेतला,” वकील म्हणाले.

“मग आठच मिनिटं का?” ताईंनी विचारलं. “पाच का नाही?”

“ती तांत्रिक बाब आहे.”

“मी सांगते. या डीपीवर तीन मोटारी. फ्यूज वाचवायला पहिली लगेच, दुसरी चार मिनिटांनी, तिसरी आठ. आठ हा फक्त तिसऱ्या नंबराचा आकडा. कंपनीनं डबा उघडला आणि आकडासुद्धा तसाच उतरवला. अमृत पहिला, सुमनबाई दुसऱ्या. आपला आकडा विसरलेला एकच माणूस उरतो.”

रविराजनं मान खाली घातली. “एजन्सी देतो म्हनले हुते, म्हनून डबा दिला.”

“कागद आहे का?” मॅडमनी विचारलं.

“पंचायतीच्या ठराववहीतली प्रमाणित प्रत. साल २०१९. गहिनीनाथच्या डब्यांचे तिन्ही आकडे, तिघांच्या सह्या.”

सहादू ओरडलाच, “अरे, मग हा कागद आधी का नाही दाखवलास?”

“त्यो भांडणाचा कागद हाय!” गहिनीनाथही ओरडला. “साहेबांनी यंत्राचा मागितला हुता!”

सहादूनं कपाळावर हात मारला.

“पेटंट टिकणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “लेखी आदेश येईल. रविराज यांचा जबाब जोडा.” वकिलांचा चौकोन काळा झाला.

“गहिनीदादा,” रविराज पुटपुटला, “मला वाटलं, तुझंबी नाव लावतील.”

“लावलं की. नोटिशीवर.”

गहिनीनाथनं तेलकट हात पुसले आणि कोरा कागद त्याच्यापुढं सरकवला. “लिही समदं. आन तारीख घाल, न्हाईतर पुन्हा बोलावतील.”