गूळ, यीस्ट आणि मल्हार

मागच्या दाराची कडी वाजली आणि विजयमालाचं डोकं फिरलं. पुढचं दार सताड उघडं असताना माणूस बोळातून वळसा घालून मागच्या दाराला येतो, म्हणजे तो कशासाठी आलाय, हे तिला आता विचारावं लागत नसे.

तिनं दार उघडलं. बाहेर एक तरुण उभा. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम, आणि हातात प्लास्टिकची रिकामी बाटली. ती बाटली बघून तिचा उरलासुरला धीरही सुटला.

"चांगल्या घरचे दिसायलात. लाज न्हाई वाटत?" तिनं सुरुवातच तिथून केली. इथं दारू मिळत नाही, कधी मिळत नव्हती, टपरीवर ज्यानं कुणी पत्ता दिला त्याला जाऊन सांगा, आणि पुन्हा या बोळात दिसलात तर बादलीभर पाणी अंगावर ओतीन... असं सगळं तिनं एका दमात ऐकवलं. तो गुमान ऐकत राहिला. ती थांबल्यावरही, आणखी काही राहिलं असेल म्हणून जरा वेळ थांबला.

"झालं का?" त्यानं हळूच विचारलं. "मी झाडं न्यायला आलतो... माशांच्या टाकीतली. बाटली झाडं वल्ली ठिवायला आणलीय."

विजयमाला कानापर्यंत लाल झाली. तो मात्र हसत होता – तेही तोंड दाबून नव्हे, चांगला मोकळेपणानं. त्यामुळे तिला आणखीनच राग आला.

गंगाखेडातल्या त्या गल्लीत खरी गोष्ट ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. विजयमाला गच्चीवर काचेच्या टाक्यांत आणि कापलेल्या ड्रमांत शोभेच्या माशांसाठी पाण्यातली झाडं वाढवायची. कांड्या तोडायच्या, पुन्हा लावायच्या, ओल्या पेपरात गुंडाळून पुण्या-नांदेडला पार्सल करायच्या. या झाडांना पाण्यातून कार्बन डायऑक्साइड गॅस लागतो. सिलिंडर काही परवडत नव्हता, म्हणून ती मोबाइलवर बघून एक युक्ती शिकली होती. बाटलीत गूळ, पाणी आणि चिमूटभर यीस्ट घालायचं, झाकणाला भोक पाडून नळी टाकीत सोडायची. बुडबुडे सुटतात, झाडं तरारतात. अडचण एकच, वास. आणि उसाच्या मुलखात गूळ आंबल्याचा वास कुणाला ओळखू येणार नाही? आश्रुबाची पोरगी गच्चीवर भट्टी लावते, असं गल्लीनं ठरवून टाकलं. जन्मात सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेले आश्रुबा हे तिचे वडील, आणि त्यांच्या मागच्या दाराला हे असलं गिऱ्हाईक!

या तरुणाचं नाव मल्हार. चुडाव्यात स्टेशनजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि काउंटरवर माशांची टाकी. विजयमालानं त्याला गच्चीवर नेऊन कांडी कशी लावायची ते दाखवलं. पेराच्या खाली कापायचं, खालची पानं काढायची, वाळूत खोचायचं.

"हे तर उसाचं बेणंच झालं की," तो म्हणाला. "आईसंगं ऊसतोडीवर जायचो मी. हात बसलाय माझा."

"मग जमंल तुमाला," ती म्हणाली, आणि पुसलेली कात्री उगीचच पुन्हा पुसू लागली.

जमलं, आणि भलतंच जमलं. तीच तर कटकट झाली. बाकीच्यांची झाडं मरतात आणि ते नवी न्यायला येतात. याची मरायचं नावच घेईनात. पुढच्या बाजारच्या दिवशी हा हजर, ओल्या फडक्यात कांड्यांची जुडी घेऊन. टाकीत मासे दिसेनात, म्हणून परत आणल्या म्हणे. त्याच्या पुढच्या बाजाराला आणखी मोठी जुडी. विजयमालाचे ड्रम तिच्याच झाडांनी तुडुंब भरले.

"कामून आणायलात ह्या?" ती वैतागली. "फेकून द्या की."

"फेकल्या तर... यायला कारण काय सांगू?"

तिचे हात पाण्यातच होते. बोटांभोवती हिरवी पानं हलत होती, आणि तो पानांकडं बघत नव्हता, हे तिला मान वर न करताही कळत होतं.

"येणाऱ्याला कारण कशाला लागतं..." ती पुटपुटली. आपण हे मोठ्यानं बोललो, हे कळल्यावर स्वतःवरच चिडली. आणि त्या शहाण्यानं ते नेमकं ऐकलं होतं.

मल्हारनं आईजवळ, कासाबाईजवळ, लग्नाचा विषय काढला आणि तिथं घोडं अडलं. कासाबाईला बाकी सगळं पसंत होतं. पण सुमनबाई नावाच्या नात्यातल्या बाईनं तिच्या कानावर घातलं की त्या घरात दारू गाळतात. कासाबाईचा नवरा दारूपायीच गेला होता. त्या वासाच्या घरातली सून नको, असं तिनं तोडून टाकलं. तेव्हा मल्हारनं ठोकून दिलं, की बाटल्यांत खताचं पाणी असतं. मग मी स्वतः येऊन बघते, असं आई म्हणाली.

आणि आता तो विजयमालासमोर उभा राहून तिनंही तेच सांगावं म्हणून गळ घालत होता.

"बाटलीत दारूच तयार व्हती," ती म्हणाली. "गॅससंगं ती येतीच. मी ती मोरीत वतून देती, ही गोष्ट येगळी. पण खत कशी म्हनू?"

"येवढं एकदा... माझ्यासाठी."

असा संताप आला तिला! पण तो येणार नाही असा बाजारचा दिवस तिला कल्पनेतही नकोसा वाटत होता. ती मल्हारच्या प्रेमात पडली होती आणि आता त्यावर काही इलाज नव्हता. चरफडत ती हो म्हणाली.

कासाबाई आली त्या दिवशी बाटल्या लपवायचं काम विजयमालाच्या आईनं, पारूबाईनं केलं. वास यायला नको म्हणून नळीची झाकणं काढून तिनं साधी झाकणं घट्ट पिळून बसवली, बाटल्या कोठीच्या खोलीत ठेवल्या आणि वर गोधडी टाकली. विजयमाला तेव्हा साडीच्या निऱ्यांशी झगडत होती. गॅसला वाट ठेवावी लागते, हे पारूबाईला कुणी सांगितलंच नव्हतं.

कासाबाईनं चहाची बशी ओठाला लावली आणि आत धडाम आवाज झाला. पाठोपाठ दुसरा. मग कोठीच्या दाराखालून आंबट वासाचं तपकिरी पाणी निघालं आणि फरशीवरून सावकाश कासाबाईच्या पायाशी आलं.

तिनं बशी खाली ठेवली. "काय हाय हे?"

"खताचं..." मल्हारनं सुरुवात केली.

"दारू हाय, मावशी," विजयमाला म्हणाली.

पारूबाईनं कपाळाला हात लावला. पण विजयमाला थांबली नाही. गॅस कशाला लागतो, उरलेलं कुठं ओतते, सगळं तिनं सांगितलं. लपवायला आपणही तयार झालो होतो आणि ते चुकलं, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं मल्हारकडं बघितलं नाही. आता सगळं संपलं, असं तिला वाटलं.

त्या पाण्याकडं बघतच कासाबाई बोलू लागली.

"आमचे मालक पियाचे, तवा सासू म्हनायची, औषध हाय. दीर म्हनायचा, औषध हाय. मानूस गेलं तरी घरात कुनी दारूचं नाव काढलं न्हाई... मलाच येडी ठरवलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "आज पयल्यांदा कुनीतरी माझ्या तोंडावर खरं बोललं."

मग ती आश्रुबाकडं वळली. "दादा, पोरगी मला पसंत हाय. माझ्या पोराचं तेवढं तुमी बगून घ्या. खोटं बोलतंय ते."

शिक्षा म्हणून कोठीची फरशी पुसायला मल्हारला आत धाडण्यात आलं. विजयमाला बादली घेऊन गेली, तेव्हा तो गुडघ्यांवर बसून फडकं पिळत होता.

"लय रागावलीस?"

"लय."

"भेलो व्हतो गं... आई न्हाई म्हनली असती, तर तिला सोडवलं नसतं. आन तुला तर न्हाईच न्हाई." त्यानं फडकं बादलीत बुडवलं. "तू मला लय आवडतीस."

"हे कुनी बोलायचं आधी?" ती कडाडली, आणि बोलता बोलता तिचा आवाज ओला झाला. "आधी हे बोलायचं असतं, मग बाकीचं. येवढं बी कळंना?"

"आता बोललो की. तू... काय म्हनतीस?"

ती त्याच्यासमोर खाली बसली. तिनंही बादलीत हात घातला, तिथं त्याचाही हात होता. तिनं आपला काढून घेतला नाही.

"हो म्हनती. जावा, सांगा आईला."

"ऐकलं," भिंतीपलीकडून कासाबाईचा आवाज आला. "आता पुसा ते आधी."